एक जुलै अठ्ठेचाळीसचं घर

एमलिन प्रोबर्टचे हात दोनच प्रसंगी आपोआप जुळत. एक, चॅपलमध्ये प्रवचनकाराचा आवाज बोलता बोलता उचलला जाऊन सुरात शिरला की. आणि दोन, एखादी सरकारी छापील पुस्तिका हातात आली की. पहिल्या गोष्टीचं नांतगारेग गावात कुणालाच नवल नव्हतं. अख्खं गावच सुरातल्या प्रवचनावर पोसलेलं. प्रवचनकाराला 'हुइल' चढली, म्हणजे शब्दांना पंख फुटून ते छताशी फिरायला लागले, की इथले खाणकामगार टोप्या छातीशी धरून लहान मुलांसारखे रडत. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र एमलिनची बायको तेगवेन म्हणायची, "अहो, ती गटाराची माहिती आहे. उभं राहून काय वाचताय?"

पण ही गटाराची नव्हती. ही 'आपले घर वाढवताना' होती. बत्तीस पानं. एमलिनने ती पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेल अशा शिस्तीने, नाश्त्याआधी, चष्मा पुसून वाचली आणि थक्क झाला. भिंत म्हणजे काय, छप्पर म्हणजे काय, हे कुणीतरी शांतपणे बसून लिहून काढलं होतं. साठ वर्षं तो भिंतींच्या आत राहत होता आणि भिंत म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ही पुस्तिका घरात आली ती लूनेद मावशीपायी. आईवेगळ्या एमलिनला वाढवलं ते मावशीने. मावशी आता नव्वदीची. फेब्रुवारीत ती जिन्यावरून घसरली. खाणकामगारांच्या या घरांतले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिड्याच. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला, आणि न्हाणी-संडास सगळं वरच्या मजल्यावर. म्हणून मावशीला समुद्रकाठच्या शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. तात्पुरतं. तिथली माणसं वाईट नव्हती. पण मावशीची डोंगराकडची भाषा तिथे कुणालाच येत नव्हती, आणि रविवारी सकाळी, प्रवचनाच्या वेळेला, ते टीव्हीवर बागकाम लावत.

दर गुरुवारी एमलिन भेटायला गेला की ती विचारायची, "एमलिन, घर तिथंच आहे ना?"

"आहे, मावशी."

"मग मी इथं का?"

याचं उत्तर पाणीखात्यात कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यात आश्रमाच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "ऑक्टोबरअखेरपर्यंत ठरवा हं. मग ही खाट कायमची मावशींच्या नावावर करू." कायमची खाट! एमलिनला ते शब्द थडग्यावर कोरल्यासारखे दिसले. त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं: मागच्या स्वयंपाकघराला लागून एक खोली काढायची. एक पलंग, एक न्हाणी, एक खिडकी. बस. आणि पुस्तिकेच्या अकराव्या पानावर चक्क लिहिलं होतं की मूळ घराच्या मागच्या भिंतीपासून चार मीटरपर्यंत, एकमजली, वेगळी परवानगी न घेता बांधता येईल. सरकारने न मागता दिलेले चार मीटर! एमलिनने चष्मा काढला आणि पुन्हा पुसला.

बातमी रविवारी चॅपलच्या फाटकाशी फुटली. उपासना संपल्यावर तिथे अर्धा तास उभं राहायची रीत आहे आणि त्या अर्ध्या तासात नांतगारेगमध्ये काहीही बांधून होतं. कुणी म्हणालं, खिडकी डोंगराकडे ठेव. कुणी म्हणालं, डोंगराकडे मुळीच नको, म्हातारीच्या छातीत वारं बसेल. एकाने आग्रह धरला, काढतोच आहेस तर वर अजून एक मजला काढ. "वर कुणाला ठेवू?" एमलिनने विचारलं. "ते नंतर बघता येतं," तो म्हणाला.

खरा सल्ला दिला तो ग्विलिमने, संध्याकाळी एमलिनच्या मागच्या अंगणात चहा पिताना. गावात ग्विलिम तीन. एक पोस्टातला, एक खर्जात गाणारा, आणि हा ग्विलिम स्लेट, चाळीस वर्षं खाणीत स्लेटचा दगड फोडलेला.

"पाया म्हणजे काय रे?" तो म्हणाला. "उलटा डोंगर. डोंगर वर जातो, पाया खाली जातो. मी जन्मभर डोंगर फोडलाय."

"पण पुस्तिकेत म्हटलंय, पाया खणण्यापूर्वी जाणकाराला..."

"जाणकार तुझ्यासमोर उभा आहे, आणि त्याचा चहा गार होतोय."

एवढं सगळं कुंपणापलीकडून ऐकत होती बेरिल. भिंतीला भिंत लागून तिचं घर. सत्तरीची, एकटी, आणि खिडकीत जेरेनियमच्या सात कुंड्या. बेरिल खुशीत असली की 'एमलिन' म्हणे आणि रागात असली की 'मिस्टर प्रोबर्ट'. खुशीतलं ऐकून बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्याच दिवशी तिने शाळेतला जुना कोनमापक खिडकीच्या चौकटीला चिकटवला, त्यातून पंचेचाळीस अंशांत केरसुणीचा दांडा बाहेर काढला आणि हाक मारली.

"मिस्टर प्रोबर्ट! या दांड्याच्या वर तुमची एक वीट दिसली ना, तर मी लिहीन. कौन्सिलला लिहीन. तुमच्या त्या स्वयंपाकघराने माझ्या आईचं ऊन खाल्लं. आता तुम्ही माझं खाणार."

एमलिनने दांड्याकडे पाहिलं. पंचेचाळीस अंशांचा नियम पुस्तिकेच्या विसाव्या पानावर होता. बेरिलने पुस्तिका न वाचता तो नुसत्या संतापातून शोधून काढला होता. त्याला राग यायला हवा होता. आला तो आदर.

मे महिन्यातल्या एका शनिवारी खणायला सुरुवात झाली. त्या दुपारी चॅपलमध्ये रविवारच्या शाळेचा वार्षिक चहा होता आणि ओळीतल्या नऊही घरांत किटल्या चढल्या होत्या. दीड फुटावर कुदळ 'ठण्ण' वाजली.

"जुना दगड," ग्विलिम खड्ड्याच्या काठावरून म्हणाला. "मार."

एमलिन जरा घुटमळला. जमिनीखालून असा आवाज कशाचा येतो हे त्याला तीस वर्षांच्या नोकरीत कितीदा तरी कागदावर भेटलं होतं. पण कागदावर कुदळ नसते. त्याने मारली.

पाणी बेरिलच्या कपड्यांच्या दोरीच्याही वर गेलं. उन्हात त्याचं इंद्रधनुष्य झालं. एमलिनने डोक्यावरची टोपी काढली आणि चिंब भिजत तसाच उभा राहिला. खडकातून पाणी निघाल्याच्या गोष्टी त्याने लहानपणापासून ऐकल्या होत्या. पण त्या गोष्टींत नंतर नऊ घरांचा चहा बंद पडत नसे.

"हा दगड नव्हता," ग्विलिम थोड्या वेळाने म्हणाला.

बेरिलने कौन्सिलला फोन केला. त्यामुळे सोमवारी सकाळी दारात उभ्या राहिल्या मिस बेव्हन, बांधकाम परवानगी विभाग. वय तिशीच्या आत, लांब काळा कोट, आणि हातात एक डबी. डबीतून भिंतीवर लाल ठिपका पडे आणि डबी अंतर सांगे. एमलिनने तो ठिपका तीनदा बघायला मागितला. मग मोठ्या अभिमानाने त्याने स्वतः काढलेला नकाशा पुढे केला. चॅपलच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला, शाई न सांडता काढला होता.

मिस बेव्हननी नकाशा पाहिला. मग तो हातातच गोल फिरवला. मग त्या स्वतः नकाशाभोवती फिरल्या.

"मिस्टर प्रोबर्ट, तुमची उत्तर दिशा पूर्वेला आहे."

"पण चॅपल तिकडेच आहे."

"चॅपल उत्तरेला नाहीये."

एमलिन हादरला. नांतगारेगमध्ये रस्ता सांगायचा तो 'चॅपलच्या वर' नाहीतर 'चॅपलच्या खाली'. जन्मलेल्या प्रत्येक माणसाने हेच ऐकलेलं. नकाशात बाण काढताना त्याचा हात आपसूक तिकडे गेला होता. एवढी वर्षं आपण पूर्वेकडे तोंड करून उत्तर समजत होतो, या विचाराने त्याला क्षणभर घेरी आल्यासारखं झालं. तेगवेनने खुर्ची पुढे सरकवली.

"ते जाऊ दे," मिस बेव्हन म्हणाल्या. त्या मूळच्या पलीकडच्या खोऱ्यातल्या. इकडची भाषा त्यांनी शाळेत शिकलेली, व्याकरण स्वच्छ. "खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही चार मीटर मोजलेत ते या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून. पण नियम म्हणतो, मूळ घरापासून. आणि मूळ घर म्हणजे एक जुलै एकोणीसशे अठ्ठेचाळीसला जसं उभं होतं, तसं."

"त्या एका दिवशी?"

"त्या दिवशी. त्यानंतरचं सगळं वाढीव. हे स्वयंपाकघर तीन मीटर बाहेर आलंय. ते त्या तारखेआधीचं असेल तर तुमचे चार मीटर तुमचे. नंतरचं असेल तर तीन गेले."

"म्हणजे उरला..."

"एक मीटर."

"एका मीटरात मावशीला उभीच ठेवावी लागेल," तेगवेन म्हणाली.

"मग रीतसर अर्ज करायचा. आठ आठवडे. शेजाऱ्यांची हरकत आली तर प्रकरण समितीपुढे." मिस बेव्हननी कुंपणाकडे पाहिलं. केरसुणीचा दांडा अजून बाहेर होता. "आणि समिती आता बसेल ती थेट नोव्हेंबरात."

ऑक्टोबर नोव्हेंबरच्या आधी येतो. हे कुणालाच बोलून दाखवावं लागलं नाही.

त्या दिवशी एमलिनला जेवण गेलं नाही. पण खरं सांगायचं तर निम्मी भूक त्या तारखेने मारली होती. कल्पना करा: देशातली सगळी घरं, राजवाडे, झोपड्या, कोंबड्यांची खुराडी, एका गुरुवारी सकाळी फोटोला उभी राहावीत तशी श्वास रोखून उभी, आणि सरकारने म्हणावं, बस, हेच खरं तुमचं रूप, याच्या पुढचं सगळं तुमचं पदरचं. (तो वार त्याने पंचांग काढून पाहिला होता.) एवढा विचार कुणाच्या तरी डोक्यात मावला, याचंच त्याला अप्रूप.

आता पुरावा शोधायचा. घरात जुना फोटो एकच निघाला, मागच्या अंगणातला. स्वयंपाकघर जिथे असायला हवं, बरोबर तिथे एमलिनचे थोरले काका उभे होते, आणि काका देहाने असे की त्यांच्यामागे स्वयंपाकघर काय, चॅपलही दडलं असतं. मिस बेव्हननी फोटो भिंगाखाली धरून पाहिला. काकांच्या कानामागे एक रेघ होती. ती भिंत असेल किंवा कान. ग्विलिमने भिंतीचा चुना खरवडून जिभेवर ठेवला आणि "सत्तेचाळीसचा" असा निकाल दिला. बेरिल कुंपणावरून ओरडली, "पन्नासचा!" तिने चाखलाही नव्हता.

गुरुवारी एमलिनने मावशीलाच विचारलं. मागचं स्वयंपाकघर कधी बांधलं?

"मोठ्या सभेच्या आदल्या दिवशी," मावशी ताबडतोब म्हणाली.

नांतगारेगचं कॅलेंडर हेच. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात, चॅपलची मोठी सभा भरते आणि दूरदूरचे प्रवचनकार येतात. लग्न कधी झालं, गाय कधी व्याली, छप्पर कधी उडालं, हे गाव तारखेने सांगत नाही; कुणाच्या प्रवचनाच्या साली ते सांगतं.

"एबेनेझर मोस्टिन आले होते," मावशी म्हणाली. "आपल्याकडेच उतरले. चुना ओला, मी सांगत होते, साहेब, टेकू नका. पण माणूस चहा प्यायला की टेकतोच. काळा कोट, आणि सबंध पाठ पांढरी! तसेच चढले प्रवचनाला. मला सांगायचं धैर्य होईना." एवढ्यात गोळ्यांची वेळ झाली आणि बाईंनी एमलिनला बाहेर काढलं.

एमलिन चॅपलचा चिटणीस. सभांची नोंदवही त्याच्याच कपाटात. घरी येऊन त्याने ती उघडली. मोस्टिन दोनदा आले होते. सत्तेचाळीसचा मे: विषय, हरवलेलं कोकरू. एकोणपन्नासचा मे: विषय, पाकोळीचं घरटं. आणि मोस्टिनच्या या दोन भेटींच्या जवळजवळ मधोमध तो एक जुलै.

"म्हणजे मावशी कोकरू म्हणाल्या की खोली," तेगवेनने चटकन हिशेब केला. "आणि पाकोळी म्हणाल्या की एक मीटर."

"हो."

"मग जाताना कानात सांगा. कोकरू काय आणि पाकोळी काय, दोन्ही देवाचीच."

एमलिनने नोंदवही मिटली. त्या रविवारी चॅपलमध्ये त्याचं लक्ष नव्हतं. एवढंसं कोकरू! तेही हरवलेलं. त्याला एक घर दिलं तर कुणाचं काय जाणार होतं?

पुढच्या गुरुवारी मिस बेव्हन जबाब घ्यायला आश्रमात आल्या. एमलिनच्या लहानशा गाडीत तेगवेन होती आणि मागे, मांडीवर पर्स घट्ट धरून, बेरिल. "माझ्या आईच्या उन्हाचा प्रश्न आहे, मिस्टर प्रोबर्ट. मी येणार." ग्विलिमला खड्ड्यावर लक्ष ठेवायला मागे ठेवलं होतं, खरं म्हणजे खड्ड्याला ग्विलिमपासून जपायला तिथे कुणीतरी हवं होतं.

मावशी खिडकीशी बसली होती. आजूबाजूला दहाबारा म्हातारी माणसं, प्रत्येकासमोर चहा आणि एक बिस्किट. मिस बेव्हननी खुर्ची ओढली, कागद गुडघ्यावर घेतला आणि स्वच्छ व्याकरणात विचारलं, "मोस्टिनसाहेबांची पाठ पांढरी झाली, त्या दिवशी त्यांनी कशावर प्रवचन केलं, आठवतंय का तुम्हाला?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग एमलिनकडे. नव्वदीची असली तरी तिनेच त्याला वाढवलं होतं. तोंड बघून काय हवंय ते तिला लहानपणापासून कळे.

"तुला कुठलं हवंय रे?" ती म्हणाली. "त्यांची दोन्ही मला तोंडपाठ आहेत."

मिस बेव्हनचं पेन थांबलं. तेगवेनने छताकडे पाहिलं. बेरिलची पर्स कुरकुरली. एमलिनच्या घशाशी ते कोकरू आलं, अगदी ओठांपर्यंत. त्याची लोकर त्याला जिभेवर जाणवली. समोर मावशीचा हात होता, सुरकुतलेला, ज्याने त्याला पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं होतं, आणि शिकवताना खोटं बोलल्याबद्दल एकदाच मारलं होतं.

"जे पांढऱ्या पाठीने झालं ते, मावशी," तो म्हणाला.

मावशीने बिस्किट बाजूला ठेवलं.

आधी ते नुसतं बोलणं होतं. एक पाकोळी समुद्रापलीकडून येते. थकलेली. चोचीत काही नाही. मग तिसऱ्या की चौथ्या वाक्याला, ज्याने सुरातलं प्रवचन ऐकलंय त्याला तो क्षण ठाऊक आहे, आवाजाने जमीन सोडली.

"कुठून आलीस गं, एवढीशी? लाटांवरून आले. काय आणलंस गं? काही नाही आणलं. चोचीत काय तुझ्या? चिमूटभर चिखल. कुठं नेतेस तो? थोरल्या घराला. कुणाचं ते घर? ज्याचं आभाळ त्याचं. विचारलंस का त्याला? विचारलंस का? आणि पाकोळी म्हणते, वळचण मोठी, मी लहान. वळचण मोठी, मी लहान!"

नव्वद वर्षांच्या त्या छातीत एवढा श्वास कुठून आला कुणास ठाऊक. 'मी लहान' दुसऱ्यांदा आलं ते वरच्या सुरावर, तिसऱ्यांदा त्याच्याही वर. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या खलाशाला यातला एक शब्द कळत नव्हता. त्याने चमचा खाली ठेवला. गोळ्यांचा ट्रे घेऊन आलेल्या बाई दारात तशाच राहिल्या. हजार खेपा घातल्या पाकोळीने, हजार चिमटी, आणि प्रत्येक खेपेला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. एमलिनचे हात कधी जुळले त्याला कळलं नाही. त्याची खोली डोळ्यांदेखत जात होती, चार मीटरांतला एकेक मीटर पाकोळी चोचीत धरून नेत होती, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते त्या दुःखाचं नव्हतं. असं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"'अशी उडते ती!' म्हणून मोस्टिनसाहेबांनी दोन्ही हात पसरले," मावशी त्याच सुरात म्हणाली, "आणि गर्रकन वळले. आणि अख्ख्या चॅपलला दिसली ती पाठ. पांढरीफटक! कुणी हसलं नाही. देवाच्या घरात हसणार कोण? पण शेजारची ओल्वेन हसली. हसली म्हणजे काय, फुटली. बाकाखाली जाऊन हसली. मोस्टिनसाहेब थांबले. सगळ्यांना वाटलं, आता रागावतील. ते वाकून म्हणाले, 'हस, पोरी, हस. पाकोळी अशीच बोलते.'"

आवाज जमिनीवर उतरला. मावशीने बिस्किट उचललं.

"माझी आई?" बेरिलने विचारलं. तिचा आवाज चिमटीएवढा झाला होता.

"मग कुणाची?"

"माझी आई हसायची नाही."

"तुझा बाप खाणीत दगावला त्यानंतर नाही हसली. तू तेव्हा पाळण्यात होतीस. त्याआधी तिच्या हसण्याने आमच्या फळीवरची भांडी वाजायची, पोरी."

मिस बेव्हननी नाक पुसलं, एमलिनच्या मांडीवरची नोंदवही उघडून पाहिली आणि कागदावर लिहिलं: १९४९. मग, जणू स्वतःचीच चूक असावी तसं, म्हणाल्या, "म्हणजे एक मीटर."

"आमेन," एमलिन म्हणाला. तो प्रवचनाला म्हणाला होता, पण ते तसं नोंदलं गेलं.

परतीच्या वाटेवर गाडीत तेगवेनने फक्त एकदा म्हटलं, "कोकरू तोंडपाठ होतं त्यांना." आणि मग एमलिनच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेरिल दारात. हातात लिफाफा. केरसुणीचा दांडा खिडकीत नव्हता.

"कौन्सिलला लिहीन म्हटलं होतं, लिहिलंय," ती म्हणाली. "शेजारीण या नात्याने माझी हरकत नाही, उलट मागणी आहे, असं लिहिलंय. पण अट आहे. माझ्या बाजूचं छप्पर उतरतं हवं. सातही कुंड्यांना ऊन मिळालं पाहिजे. आणि मावशींना घरी आणल्यावर, त्यांना आईबद्दल आणखी काय आठवतंय, ते मला ऐकायचंय. रोज. कळलं का, एमलिन?"

एमलिनला 'एमलिन' ऐकू आलं तेव्हा बाकीचं पुन्हा सांगावं लागलं.

नवा नकाशा मिस बेव्हनच्या कचेरीतल्या माणसाकडून काढून घेतला. त्यात उत्तर उत्तरेला होती. हरकत नव्हती, त्यामुळे समितीची गरज उरली नाही आणि सातव्या आठवड्यात परवानगीचं पत्र आलं. एमलिनने ते उभं राहून वाचलं. या वेळी तेगवेनही उभी राहिली. पत्रात आठ अटी होत्या. आठवी अशी की, स्वयंपाकघराच्या वळचणीला पाकोळीचं घरटं असल्याचं अधिकाऱ्यांनी पाहिलं आहे. पिल्लं उडेपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावू नये. पंचवीस दिवस ग्विलिम ओळंबा घेऊन त्या कोपऱ्यासमोर बसून राहिला. "आत किती राहिलीत?" तो रोज विचारी. घाई करा असं त्याने मात्र एकदाही म्हटलं नाही.

बाकीचं जसं होतं तसं झालं. चॅपलच्या फाटकाशी उभं राहणारे सगळे विटा वाहायला आले आणि एकाने खिडकीची चौकट उलटी बसवली. न्हाणीचा टब पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या प्रोबर्टकडे गेला. त्या घरात कुणी काही मागवलं नव्हतं, पण त्यांनी तो आनंदाने बसवून घेतला होता आणि सोडवून आणताना आत माणूस होता. ग्विलिमने दार असं लावलं की ते आत उघडलं की पलंगाला आपटे. काढून पुन्हा लावलं तर बाहेर उघडून ग्विलिमला आपटलं. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, मोठ्या सभेच्या दिवशी, सकाळी शेवटचा चुना लागला आणि दुपारी मावशी घरी आली.

दारातून तिने आधी स्वयंपाकघर पाहिलं. मग नवी खोली. पलंगावर बसून तिने खिडकीतून बाहेर बघितलं. एका बाजूला डोंगराचा तुकडा होता आणि दुसऱ्या बाजूला सात कुंड्या, उन्हात.

"घर तिथंच आहे," ती म्हणाली.

मिस बेव्हन शेवटची तपासणी करायला आल्या होत्या. लाल ठिपका भिंतीवर पडला, डबीने आकडा सांगितला, त्यांनी खूण केली. तेगवेनने चहा आणि तव्यावरचे गोड केक पुढे केले. सगळं बरोबर निघाल्याच्या सुखात मिस बेव्हननी कप हातात घेतला, सुस्कारा सोडला, आणि टेकल्या.

एमलिनने तोंड उघडलं. मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"सभेची वेळ झाली," मावशी म्हणाली. "हात दे गं, पोरी. चॅपलपर्यंत तू ने मला."

लांब काळा कोट, आणि त्यावर मानेपासून कमरेपर्यंत नव्या खोलीची भिंत. मावशीचा हात धरून मिस बेव्हन बाकांच्या मधल्या वाटेने अगदी पुढपर्यंत चालत गेल्या. गाव उभं होतं. कुणी हसलं नाही. प्रवचनकाराने चष्मा पुसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक आवाज फुटला, आधी दाबलेला, मग अनावर, आणि बेरिल बाकाखाली गेली.

मावशी थांबली. मागे वळली नाही. नुसतंच ऐकत राहिली. जणू चॅपलच्या फळीवर कुठेतरी भांडी वाजत होती.

"ओल्वेन," ती म्हणाली.

सभेनंतर चिटणीस एमलिनने नोंदवही काढली. प्रवचनकाराचं नाव लिहिलं, विषय लिहिला. मग पुढच्या कुणा अधिकाऱ्याला अडचण पडू नये म्हणून त्याखाली सुवाच्य अक्षरांत लिहिलं: प्रोबर्ट यांची मागची खोली आज पूर्ण. मिस बेव्हन यांची पाठ पांढरी. बेरिल हसली. समासात त्याने खोलीचा लहानसा नकाशा काढला, कंपास लावून उत्तरेचा बाण दिला, आणि त्याच्या शेजारी दुसरा बाण, जरा मोठा, चॅपलकडे.